ट्रॉलीचा एक्सल दर वेळी पायरीवरच का तुटतो?

ऊसगाडी_वाळवा
मंडळी, नमस्कार. गळीत हंगाम तोंडावर आलाय, म्हणून घाईनं विचारतोय. आमची दोन ट्रॉल्यांची जोडी आहे, ट्रॅक्टरमागं ऊस ओढतो. गेल्या हंगामात मागच्या ट्रॉलीचा एक्सल चाकाजवळ तुटला. ऐन गाळपात नवा मिळेना, म्हणून वेल्डिंग करून घेतलं. ते फार दिवस टिकलं नाही. मग एका वर्कशॉपमधून नवा करून घेतला, नेहमीचं ईएन ८ स्टील सोडून मुद्दाम भारीतल्या ईएन २४ स्टीलचा. पैसे बरेच जास्त गेले. तोही बरोब्बर त्याच जागी गेला: चौकोनी अंग संपून बेअरिंगचा गोल भाग सुरू होतो त्या पायरीवर. भरल्या ट्रॉलीनिशी, भर रस्त्यात. मागनं मोटारसायकलवर नवरा-बायको आणि एक लेकरू येत होतं, थोडक्यात वाचले. तेव्हापासून झोप लागत नाही.
वर्कशॉपवाले म्हणतात, माल खोटा आला असेल. महाग स्टील घालून आयुष्य जराही का वाढलं नाही, एवढंच कुणी नीट सांगा.

तासगावकर
ट्रॉलीत किती टन भरता ते आधी सांगा. पासिंग, म्हणजे कागदोपत्री परवानगी, किती आणि भरता किती? निम्मं उत्तर तिथंच आहे.

जुना_टर्नर
ओव्हरलोड सगळेच भरतात, सगळ्यांचे एक्सल तुटत नाहीत. वेल्डिंगला नावं ठेवू नका. वेल्डर हाताचा चांगला पाहिजे. तुटल्या जागी व्ही आकाराची खाच काढून, आत मुळापर्यंत भरून, वरनं लेथवर टर्निंग मारलं की काम होतं. आमच्या हातचे कितीतरी शाफ्ट अजून फिरतायत.

मिरज_भट्टी
हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करते, अशी तुटकी तोंडं बाकावर रोज येतात. वाळव्याच्या दादांनी आधी एवढं सांगावं:
तुटलेल्या तोंडावर एक गुळगुळीत भाग आणि एक खडबडीत, चमचमता भाग, असे दोन भाग दिसतात का? गुळगुळीत भाग एक्सल बसवलेला असताना वर होता की खाली? पायरीच्या कोपऱ्याला गोलाई आहे की कोपरा कडक काटकोनी आहे? आणि तिथली कातडी चकचकीत आहे की फोर्जिंगची, म्हणजे तापवून ठोकून घडवतानाची, काळी तशीच ठेवलीय? तुकडा अजून असेल तर घासू नका, धुऊही नका, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा. फोटो टाकलात तर उत्तमच.

ऊसगाडी_वाळवा
ताई, तुकडा आहे. गुळगुळीत भाग खालच्या बाजूला, साधारण निम्म्याहून जास्त. त्यात झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या रेघा दिसतायत, सगळ्या खालच्या एका टोकाभोवती. वरचा भाग खडबडीत. बेअरिंगची आणि ऑइल सीलची जागा टर्निंग केलेली आहे. सील संपतं तिथं टूलची खाच आहे, नख अडकतं. खाचेला लागूनच पायरीचा काळा भाग, तो कुणी शिवलेलाच नाही. रेघा सुरू होतात त्या याच खाचेतून.

मिरज_भट्टी
मग माल खोटा असायची गरजच नाही. हा सरळसरळ थकवा आहे, ज्याला आपण शॉपमध्ये फॅटिग म्हणतो.
ट्रॉलीचा एक्सल स्वतः फिरत नाही, चाक त्याच्यावर फिरतं. रस्ता चाकाला वर रेटतो, ट्रॉलीचं वजन एक्सलला मधून खाली दाबतं. त्यामुळं गोल टोकाच्या मुळाशी खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. प्रत्येक खड्ड्याला ही ओढ एकदम वाढते आणि पुन्हा उतरते. यातला एकही झटका एक्सल तोडण्याइतका मोठा नसतो, पण असे लाखो झटके ताणाच्या बाजूला, सगळ्यात कच्च्या जागी, एक बारीक चीर उघडतात. चीर थोडी थोडी पुढं सरकते, त्याच्याच त्या वर्तुळाकार रेघा. उरलेलं स्टील भार पेलेनासं झालं की एका झटक्यात जातं, तो तुमचा खडबडीत भाग. गुळगुळीत भाग निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे शेवटी अर्ध्याहून कमी स्टीलवर ट्रॉली चालत होती. नुसत्या ओव्हरलोडनं एका दणक्यात तुटला असता, तर गुळगुळीत भाग दिसलाच नसता.
यात लक्षात घ्यायचं ते एवढंच, की चीर जवळजवळ नेहमी कातडीवर जन्मते. वाकणाऱ्या वस्तूत सगळ्यात जास्त ताण कातडीवर असतो, ओरखडे, खाचा, गंज, भट्टीची खपली हे सगळंही कातडीवरच. आतलं स्टील कितीही उंची असो, फॅटिगला ते दुसऱ्या नंबरवर.
आता तुमचा मूळ प्रश्न. डिझाइनच्या पुस्तकांत कातडीच्या प्रतीप्रमाणे ताकद कमी करायची सूत्रं असतात. ती सरासरीची आहेत आणि थोडी सावध बाजूला झुकलेली, पण दिशा बरोबर दाखवतात. साध्या ईएन ८ ची ओढताकद, म्हणजे ओढून तोडायला लागणारा ताण, ६३० मेगापास्कल धरू. पॉलिश केलेल्या नमुन्याची थकव्याची मर्यादा (तिच्या खालचे झटके स्टील कितीही सोसतं) साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे ३१५. टर्निंग केलेल्या कातडीला ती २५७ च्या आसपास येते. फोर्जिंगची काळी कातडी तशीच ठेवली तर सुमारे १४० वर उतरते.
ईएन २४ हार्डन-टेंपर करून, म्हणजे लाल तापवून विझवून मग बेतानं पुन्हा तापवून, १२०० पर्यंत नेला असं धरू. पॉलिशला ६००, टर्निंगला सुमारे ४१०. आणि काळ्या कातडीला? पुन्हा सुमारे १४०.
पुन्हा वाचा दादा, कारण तुमचे जादाचे पैसे इथं गेले. काळ्या कातडीसकट दोन्ही स्टील थकव्याला सारखीच. असं होतं कारण कठीण स्टील ओरखड्याला जास्त हळवं असतं, शिवाय उघड्या भट्टीत तापताना कातडीतला कार्बन जळून जातो. आत ईएन २४ आणि वर मऊ लोखंडाचं पातळ साल, असा तो एक्सल होता.

खानापूर_घाट
फार महत्त्वाची माहिती. धागा जपून ठेवतो.

जुना_टर्नर
ताई, हिशोब पटला. पण वेल्डिंगचं काय ते सांगा. आमच्या हातचे शाफ्ट टिकलेत, हे काही खोटं नाही.

मिरज_भट्टी
काका, खोटं कोण म्हणेल? भार स्थिर असेल, किंवा शाफ्ट गरजेपेक्षा जाड असेल आणि ताण कमी असेल, तर चांगलं वेल्डिंग वर्षानुवर्षं टिकतं. अडचण आहे ती झटके खाणाऱ्या जागेची.
वेल्डिंगनं तीन गोष्टी होतात. वितळलेला भाग थंड होताना आकसतो, शेजारचं थंड स्टील त्याला आकसू देत नाही, आणि जोडाच्या आसपास ओढीचा ताण कायमचा अडकून बसतो. हा ताण स्टील कायमचं ताणलं जाण्याच्या मर्यादेपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ट्रॉली रिकामी उभी असतानाही तिथलं स्टील ताणलेलं असतं. दुसरं, ईएन १९ किंवा २४ सारखं स्टील आधी न तापवता वेल्ड केलं तर जोडाच्या बाजूची पट्टी इतक्या झपाट्यानं थंड होते की काचेसारखी कडक पडते, आणि ओलसर रॉडमधला हायड्रोजन तिथं चीर पाडतो. चीर कधी कधी दुसऱ्या दिवशी पडते, तोवर काम गिऱ्हाइकाकडं गेलेलं असतं. तिसरं, वेल्ड जिथं मूळ अंगाला मिळतो त्या कडेला बारीकशी खाच राहतेच. टर्निंग मारून वरची कड जाते, आतला ताण जात नाही.
म्हणून वेल्डेड जोडाची थकव्याची ताकद स्टील भारी घेतल्यानं वाढत नाही. आणि ओव्हरलोडचा फटका तिथं फार जबर बसतो. अशा जोडाचं आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात धरतात. ताण सव्वापट केला की आयुष्य निम्मं होतं. तासगावकरांचा टनांचा प्रश्न इथं नेमका लागू आहे.
आधी तापवून, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडनं वेल्ड करून, नंतर ६०० ते ६५० अंशांवर भट्टीत ताण काढला तर बरंच सावरता येतं. पण पायरीच्या मुळाशी, जिथं ताण सगळ्यात जास्त, तिथं भर घालून एक्सल वाचवू नये असंच माझं ठाम मत आहे. मागून लेकराला घेऊन कुणीतरी येत असतं.

रेल्वेप्रेमी_मिरज
थोडा इतिहास. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हा लोक समजत की धक्क्यांनी लोखंडाचा आतला पोतच बदलतो आणि ते ठिसूळ होतं. पुढं जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरनं एक्सल यंत्रावर वर्षानुवर्षं फिरवून दाखवलं की ताण किती वेळा येतो यावर आयुष्य ठरतं, आणि कोपऱ्याच्या आकारानं त्यात मोठा फरक पडतो. पायरीवर तुटायचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

ऊसगाडी_वाळवा
ताई, आता नवा करायचाच आहे. काय सांगू वर्कशॉपला?

मिरज_भट्टी
सगळ्यात आधी गोलाई. टर्निंगचा भाग ५० मिलिमीटरचा असेल आणि कोपऱ्याला १ मिलिमीटर गोलाई असेल, तर कोपऱ्यात ताण अडीच पटीहून जास्त होतो. तीच गोलाई ५ मिलिमीटर केली की सुमारे १.७ पट. एवढ्या फरकाला स्टीलचे जादा पैसे लागत नाहीत, टूलचं नाक बदलावं लागतं. बेअरिंगच्या आतल्या रिंगेचा कोपरा एवढ्या गोलाईवर बसणार नाही. तिथं एक वेगळी रिंग घाला, गोलाईच्या बाजूला तिला मोठा चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, द्या, आणि बेअरिंग त्या रिंगेला टेकू द्या. काही जण बेअरिंग बसावं म्हणून गोलाईच उडवतात. तसं अजिबात करू देऊ नका.
काळी कातडी कोपऱ्यासकट पूर्ण काढायची, निदान मिलिमीटर-दीड मिलिमीटर, म्हणजे कार्बन गेलेलं साल निघेल. फोर्जिंग करतानाच तेवढी जादा जाडी ठेवायला सांगा. मग कोपरा एमरीनं घासायचा, शेवटचा हात एक्सलच्या लांबीच्या दिशेनं. चीर आडवी चालते, त्यामुळं आडवा ओरखडा तिला आयतं तोंड देतो.
ट्रॉलीच्या मापात बसत असेल तर व्यासही दहा टक्के वाढवा. वाकण्याचा ताण व्यासाच्या घनानं उतरतो, दहा टक्क्यांत तो पाव हिश्शानं कमी होतो.
एवढं झालं की ईएन ८ सुद्धा तुमच्या तुटलेल्या ईएन २४ पेक्षा कितीतरी जास्त चालेल. माझा कल ईएन १९ हार्डन-टेंपरकडं आहे.
आता कातडीवरचा उपचार. शॉट पीनिंगमध्ये पोलादाचे बारीक छर्रे जोरात मारतात. प्रत्येक छर्रा कातडीला किंचित पसरवतो, खालचं स्टील तिला पसरू देत नाही, आणि कातडी कायमची दाबाखाली राहते. खड्ड्याची ओढ आली की आधी हा दाब फेडावा लागतो, मग खरा ताण सुरू होतो. वेल्डिंगच्या बरोबर उलटं. हा थर मिलिमीटरच्या दशांशापासून फार तर अर्ध्यापर्यंत असतो. छर्रे पुरेशा जोरानं लागले का, हे आल्मेन पट्टीवर तपासतात. जनरल मोटर्सच्या आल्मेन यांनी १९४० च्या दशकात ती पद्धत बसवली: पातळ पट्टीवर एकाच बाजूनं छर्रे मारायचे आणि ती किती वाकते ते मोजायचं. 'पट्टीचं रीडिंग किती?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर ते नुसतं शॉट ब्लास्टिंग करून खपली काढतायत, पीनिंग करत नाहीत.
इंडक्शन हार्डनिंगही चांगलं. कॉइलमधल्या विजेनं फक्त कातडी लाल होते, लगेच पाणी द्यायचं. कडक झालेली कातडी फुगते आणि तशीच दाबाखाली जाते. थर काही मिलिमीटरचा, म्हणून मजबूत. पण कडक पट्टा कोपऱ्यातच संपवला तर हमखास घात. पट्टा जिथं संपतो तिथं उलट ओढीचा ताण तयार होतो. पट्टा कोपरा ओलांडून पलीकडं जायला हवा, आणि चौकोनी अंगाला तशी कॉइल सगळ्यांकडं नसते.
नायट्रायडिंगही आहे. ५०० ते ५५० अंशांवर अमोनियाच्या वायूत बरेच तास. पाणी द्यावं लागत नाही, त्यामुळं वस्तू फारशी वाकत नाही. ईएन १९ ला छान बसतं, साध्या ईएन ८ ला तितकं नाही. एका ट्रॉलीसाठी मी पीनिंगच सुचवीन.
क्रम चुकवू नका: फोर्जिंग, हार्डन-टेंपर, टर्निंग, घासणं, पीनिंग. बेअरिंगच्या जागेला रबरी टोपी घालून. पीनिंगनंतर त्या कोपऱ्याला ना कानस, ना वेल्डिंग, ना गॅसची ज्योत.

जुना_टर्नर
रिंगेची आयडिया चांगली आहे, मीही करून बघतो. बेअरिंगची सीट झिजली की आम्ही हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कडक थर, चढवून ग्राइंड करतो. ते चालतं का?

मिरज_भट्टी
झीज भरायला चालतं काका, पण हार्ड क्रोममध्ये मुळातच बारीक चिरा असतात आणि थरात ओढीचा ताण असतो. क्रोम सीटवरच थांबवा, कोपऱ्यात उतरू देऊ नका. जास्त ताकदीच्या स्टीलला क्रोमच्या टाकीतून बाहेर काढल्याबरोबर, दिरंगाई न करता, १९० ते २२० अंशांवर काही तास भाजायला सांगा, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन निघून जातो. जमलं तर क्रोमच्या आधी पीनिंग. आणि ग्राइंडिंग करताना घाई करून चाक दाबू नका. तपकिरी-निळसर डाग पडले की तिथली कातडी जळलेली असते आणि ओढीखाली गेलेली असते.

गाळप_फिटर
साखर कारखान्यात मिलवर आहे. आमच्याकडं रोलरचा शाफ्ट पोलादाचा असतो आणि त्यावर बिडाचं कवच तापवून चढवलेलं असतं. कवचाच्या कडेला शाफ्ट जातो. तिथं रसही शिरतो. ऑफ सीझनला अल्ट्रासॉनिक तपासणी करतो, तेव्हा चिरा सापडतात. कोपरे पॉलिश केलेले असूनही. याचं कारण?

मिरज_भट्टी
दोन कारणं. घट्ट बसवलेल्या कवचाच्या कडेला शाफ्ट वाकताना सूक्ष्म घासाघास होते, तांबूस भुकटी दिसते ती त्याचीच. आणि उसाचा रस आंबटच, सामू साधारण ५ ते ५.५. कोरड्या हवेत स्टीलला थकव्याची एक खालची मर्यादा असते, त्याखालचे झटके ते कितीही सोसतं. गंजत्या पाण्यात ही मर्यादाच राहत नाही, कितीही लहान झटका शेवटी हिशोबात धरला जातो. म्हणून तिथं पॉलिशपेक्षा रस बाहेर ठेवणं मोलाचं: चांगलं सील, आणि हंगाम संपताच धुऊन, कोरडं करून ग्रीस. कवचाखालच्या सीटच्या कातडीवर कडक रोलर दाबून फिरवणं, म्हणजे रोलिंग, याचाही चांगला उपयोग होतो. तिथंही तत्त्व दाबाचंच.

आटपाडी_ट्रॅक्टर
बेअरिंग जाम होऊन आमचा एक्सल निळा पडला. बेअरिंग बदललं. एक्सल वापरू का काढू?

मिरज_भट्टी
निळा रंग म्हणजे कातडी ३०० अंशांच्या आसपास गेली होती. एक्सल ६०० अंशांना टेंपर केलेला असेल आणि वर काही उपचार नसेल, तर निळ्यानं आतली ताकद कमी होत नाही. इंडक्शन केलेला असेल तर ती कातडी २०० अंशांच्या आसपासच टेंपर केलेली असते, ती मऊ पडली. पीनिंग केलेला असेल तर २५० च्या वर दाब ढिला पडायला लागतो, म्हणजे उपचाराचे पैसे बरेचसे गेले. निळ्याच्या पुढं करडा रंग असेल, किंवा जाम बेअरिंग गॅसनं लाल करून काढलं असेल आणि वर ओलं फडकं टाकलं असेल, तर मात्र एक्सल बदला. काहीही असलं तरी आधी डाय पेनिट्रंट मारून कोपरा तपासा. लाल रंग, पुसणं, पांढरा डेव्हलपर. चीर असली तर लाल रेघ उमटते.
बेअरिंग चढवताना तापवायचं ते बेअरिंग, तेलात, ११० अंशांपर्यंत. एक्सलला ज्योत लावायची नाही.

कराडची_गाडी
ताई, ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, पण सांगा. कमान बसली की रस्त्याकडेला पाटे गॅसनं गरम करून पुन्हा वळवून देतात. थोड्याच दिवसांत तिथूनच तुटतात.

मिरज_भट्टी
तेच दुखणं. पाट्याचं सिलिकॉन-मँगनीजचं स्टील कारखान्यात ८५० अंशांच्या वर तापवून तेलात विझवतात, मग ४५० ते ५०० च्या आसपास टेंपर करतात, आणि वरच्या, आतल्या वळणाच्या बाजूला पीनिंग करतात, कारण भार आला की ओढ तिथंच येते. ज्योतीनं लाल केलेल्या टप्प्यात टेंपर गेला, पीनिंगचा दाब गेला, वर कार्बनही जळला. लाल टप्प्याच्या दोन्ही कडांना कडक आणि मऊ स्टीलची सीमा तयार होते, तुटतं बहुतेक तिथंच.
कमान पुन्हा द्यायचीच असेल तर पाटा पूर्ण भट्टीत घालून विझवणं, टेंपर आणि पीनिंग असं सगळं करणाऱ्याकडं द्या. नाहीतर तेवढा एक पाटा नवा घ्या.

कराडची_गाडी
जुना पाटा घेताना गॅस लावलेला ओळखायचा कसा?

मिरज_भट्टी
रंग दिलेला असेल तर खरवडा. काळ्या खपलीचा वेगळा पट्टा दिसला की संशय घ्या. मग बारीक कानस घेऊन पाट्याच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर एकसारख्या दाबानं ओढून बघा. चांगल्या पाट्यावर कानस सगळीकडं सारखीच सरकते. मध्येच कुठं ती पकड घेऊन खायला लागली, तर तिथं ज्योत लागलेली आहे. तो पाटा घेऊ नका.